विहारातून आल्यावर एक गोळी

नागपूरच्या विमानतळावर जाणारी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि मी आत बसून मायला गोळ्या समजावत होते. हिंगणीतली आमची अर्धी वस्ती अंगणात जमली होती. कुणी चिवड्याची पिशवी घेऊन आलेलं, कुणी नुसतंच बघायला. वस्तीतून परदेशी जाणारी मी पहिलीच बाई. राहुल, माझा धाकटा भाऊ, टपावर बॅगा बांधून पुन्हा सोडत होता, कारण त्याला दोरी पटत नव्हती. त्याची बायको करुणा डब्यात पोळ्या भरत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. रडारड व्हायची ती सगळी बाहेर चालली होती. मी मात्र पलंगावर एक स्टीलची डबी आणि एक प्लास्टिकची डबी मांडून मायला म्हणत होते, "आता पुन्हा सांग मले."

मायला दोन वर्षांपासून सांधेवात होता. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. खुरपं कधीच सुटलं होतं, भाकरीही करुणाच थापायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली होती आणि तिनं खरंच आराम पडला होता. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर तीच गोळी अंगात नवं रक्त तयार होणं बंद पाडते. आधी तोंड येतं, मग ताप, मग कुठं न लागता काळेनिळे डाग, आणि मग माणूस हातचा जातो. नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे ठळक अक्षरात असतं. बाकीचे सहा दिवस फोलिक ॲसिडची एक साधी गोळी घ्यायची, म्हणजे पहिलीचा त्रास कमी होतो. आठवड्याची मी स्टीलच्या डबीत ठेवली होती, रोजची प्लास्टिकच्या. तोवर मी वर्ध्याला नोकरीला होते, दर रविवारी घरी यायचे आणि आठवड्याची गोळी माझ्याच हातानं मायच्या तळहातावर ठेवायचे. आता ते बंद होणार होतं. आठ महिन्यांच्या गोळ्या मी एकदमच आणून ठेवल्या होत्या. राहुलला वर्ध्याच्या चकरा नकोत म्हणून.

आता माझी हुशारी ऐका. कॅनडातला नर्सचा परवाना मिळवायला जी परीक्षा द्यावी लागते तिची तयारी मी निघण्याआधीच सुरू केली होती. त्या परीक्षेत पेशंटला क्लायंट म्हणतात. क्लायंटची काळजी, औषधांची सुरक्षितता आणि क्लायंटला शिकवणं, या तीन गोष्टींवर प्रश्नामागून प्रश्न. सरावाच्या पुस्तकात एक सल्ला होता: औषधाची वेळ क्लायंटच्या एखाद्या जुन्या सवयीला बांधून द्या. मला तो फार आवडला. मायला वार लक्षात राहत नसत, शेतात सगळे वार सारखेच. पण रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदना असायची, आणि बाबा गेले तो रविवार सोडला तर मायनं ती कधी चुकवली नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, पांढरं पातळ नेसून ती निघायचीच. म्हणून मी तिला म्हटलं, "वारगिर लक्षात ठेवू नोको. विहारातून वंदना करून आली का ठीलच्या डबीतली एक गोयी. ज्या दिवशी विहार नाई त्या दिवशी पलाष्टिकच्या डबीतली."

"विहारातून आली का ठीलच्या डबीतली एक," माय म्हणाली. "विहार नाई त्या दिवशी पलाष्टिकची."

"दोन्ही एका दिवशी?"

"नाई."

पुस्तकात लिहिलं होतं की क्लायंटकडून त्याच्याच तोंडून वदवून घ्या. घेतलं की मी वदवून! स्वतःवर इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही झाले नव्हते. गाडीपाशी माय रडली नाही. खिडकीतून हात आत घालून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तू सांगतलं तसंच करतो मी. तू तुही फिकर कर." सेलूच्या रस्त्याला लागेपर्यंत मला एवढंच वाटत होतं, की चला, मायचं तरी नीट लावून दिलं.

वर्ध्याच्या आमच्या नर्सिंग हॉस्टेलच्या मुली आता चहूकडे पांगल्या आहेत, कुणी मस्कतला, कुणी आयर्लंडला. त्यातल्या कुणी हे वाचत असाल तर तुम्हाला पुढचं वेगळं सांगायला नको. गावात आपण सिस्टर असतो. परवाना हातात येईपर्यंत इथं कॅनडात आपण वृद्धाश्रमातली मदतनीस असतो. मी आठ वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, आणि इथं मला ब्लड प्रेशर मोजायलाही परवानगी लागायची. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, चमच्यानं सूप भरवायचं. कामाची लाज नव्हती, पण औषधांची ट्रॉली घेऊन तिथली नर्स शेजारून गेली की माझे हात शिवशिवायचे. मी एका घराच्या बेसमेंटमध्ये राहत होते. खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसायचे. मार्च संपला तरी बर्फ होता, आणि तो पांढरा नव्हता, गाड्यांच्या धुरानं काळा पडलेला.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. इथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा नसते. आमच्या घरमालकिणीनं दिलेल्या कॅलेंडरात कचरा उचलायचे दिवस होते, निळा डबा कधी, काळा डबा कधी. माझा आठवडा शिफ्टनं ठरायचा, महिना पगारानं आणि वर्ष परीक्षेच्या तारखेनं. पहिल्या दोन महिन्यांत मी गावाकडची वेळ मनात धरून होते. आता तिकडं दिवे लागले असतील, आता करुणा भात टाकत असेल. मग हळूहळू ते सुटलं. सुटतं तेव्हा कळतही नाही.

बुधवारी आणि रविवारी सकाळी आठला मी मायला फोन करायचे. तिकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसात. माझी शिफ्ट दुपारची असायची, म्हणून सकाळ अभ्यासाची. फोन कानाला, लॅपटॉप समोर. मायला मी सरळ सरावालाच लावलं होतं. "माय, तू क्लायंट आहे असं समज," म्हणून मी तिला ब्लड प्रेशरचं शिकवायचे, साखरेचं शिकवायचे, आणि तिच्याकडून परत वदवून घ्यायचे. तिला मजा वाटायची. "इचार, काय इचारतं ते," म्हणायची आणि शाळेतल्या पोरीसारखी खणखणीत उत्तरं द्यायची. ज्या रोगाचं तिला काही घेणंदेणं नाही त्याची उत्तरंही बरोबर. वस्तीतल्या बायकांना ती सांगत फिरायची, की माही पोरगी कॅनडात बसून मले डॉक्टरकी शिकवून राह्यली. महिन्याच्या महिन्याला तिचं रक्त तपासायचं होतं. ते दोनदा झालं, मग पेरणी आली, बैल आजारी पडला, आणि राहुल म्हणाला पुढच्या महिन्यात नेतो. मी फार ताणून धरलं नाही. रिपोर्ट चांगलेच येत होते.

जुलैत परीक्षेची तारीख मिळाली. पाच आठवडे हातात. त्यानंतरच्या एका बुधवारी फोन वाजवला तर उचलला नाही. पुन्हा वाजवला, तेव्हा माय धापा टाकत म्हणाली, "आत्ताच आली ना वं विहारातून."

मी हे ऐकलं. बुधवार होता हेही मला ठाऊक होतं, बुधवारचाच फोन होता तो. पण समोर हृदयाच्या औषधांचे पंचाहत्तर प्रश्न होते. मी म्हटलं, बरं, जेवली का?

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आषाढी पौर्णिमेपासून आमच्याकडे वर्षावास असतो. पावसाळ्याचे तीन महिने. त्या काळात विहारात रोज संध्याकाळी वंदना होते आणि ग्रंथाचं वाचन होतं. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी पाळीपाळीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रोज. एरवी रविवारी जाणाऱ्या बायकाही त्या तीन महिन्यांत रोज जातात. मला हे कुणी शिकवायला नको. सातवीपासून दहावीपर्यंत आमच्या विहारात माईकवर मीच वाचायचे. बाहेर पावसाची झड लागलेली, पत्र्यावर असा आवाज की माझं मलाच ऐकू यायचं नाही, आणि पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून माय बसलेली. पानं उलटताना मी तिच्याकडे बघायचे. चार पावसाळे मी रोज तिच्याबरोबर गेले आहे आणि आले आहे. तरी गोळी वंदनेला बांधताना मला वर्षावास आठवला नाही. फेब्रुवारीचं ऊन होतं, गाडी दारात होती, आणि मला माझ्या अकलेचं कौतुक वाटत होतं.

पुढचे फोन मला आता शब्दन् शब्द आठवतात. तेव्हा मात्र मी ते अर्ध्या कानानं ऐकले होते.

रविवारी माय म्हणाली, "तोंड आलं जरासं. मिरची सोसून नाई राह्यली." मी म्हटलं, तूप लाव, ताक पी. बुधवारी म्हणाली, "ठीलच्या डबीतल्या गोया सरल्या. राहुलनं सेलूवरून गोयांचे दोन पत्ते आनले." आठ महिन्यांच्या गोळ्या इतक्या लवकर कशा सरल्या, असा मी मनातल्या मनात हिशेबही केला नाही. उलट बरं वाटलं, की पोरगा न सांगता आणतो. त्याच आठवड्यात सरावाच्या ॲपवर एक प्रश्न आला. साठीची स्त्री, सांधेवात, आठवड्याची मेथोट्रेक्सेट, तोंडात फोड आल्याची तक्रार. नर्सनं सर्वांत आधी काय करावं? चार पर्याय होते. मी दोन सेकंदांत उत्तर दिलं: ती गोळी नेमकी कशी घेते आहे ते तिला विचारावं. हिरवी खूण आली. खाली स्पष्टीकरण होतं, ते मी वाचलंसुद्धा नाही, कारण बरोबर आलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण वाचण्यात वेळ घालवायचा नाही असा माझा नियम होता. चहा गार होत होता, तो मी प्याले.

त्या रविवारी मायचा आवाज खोल गेलेला वाटला. ताप येतो म्हणाली. धरणाच्या बाजूनं वाघ उतरला आहे, कुणाची तरी वासरी नेली, म्हणून बायका आता घोळक्यानं विहारात जातात, असं काहीबाही सांगत राहिली. मी म्हटलं, ताप आहे तर जाऊ नोको ना. ती म्हणाली, "वर्षावासात कशी चुकवू वं? आन् गोयी बी चुकन मंग." हेही मी ऐकलं. तिला वाटलं असेल की पोरीला सगळं ठाऊक आहे. मला वाटलं वाघाची गोष्ट लांबते आहे, आणि मी फोन आवरता घेतला.

मंगळवारी करुणाचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. म्हणाली, "ताई, मायच्या दंडावर निळं निळं पडलं. मांडीवर बी. पडली का म्हटलं तर नाई म्हनते. आन् चूळ भरली तर रक्त येते."

हे डाग मला पुस्तकातले ठाऊक होते. पण तरीही, बघा, पहिला प्रश्न मी चुकीचाच विचारला. मायला फोनवर घेतलं आणि म्हटलं, "गोयी बरोबर घेतं ना?"

"तू सांगतलं तशीच घेतो. एक दिवस नाई चुकली."

एक दिवस. मी म्हटलं, "काल कोनती घेतली?"

"ठीलच्या डबीतली."

"परवा?"

"तेच."

"रोज काऊन घेतली वं माय?"

"रोज विहारात जातो ना," माय म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळेना. "वर्षावास नाई का सुरू? पलाष्टिकचीले तर पाळीच नाई आली."

पौर्णिमेपासून तो अठरावा दिवस होता. प्लास्टिकच्या डबीतली, जी थोडीफार आड आली असती, तीही बंद. मी सांगितलेलं तिनं अक्षर न अक्षर पाळलं होतं. मी राहुलला फोन लावला. तो शेतात होता, निंदणाच्या बाया लागल्या होत्या. म्हणाला, उद्या सकाळी नेतो. मी म्हटलं, आत्ता. तो म्हणाला, "तू तिथून काऊन भेव दाखवून राह्यली? तापच आहे ना साधा." तेव्हा मी त्याच्यावर जशी ओरडले तशी आजवर कुणावर ओरडले नाही. वरच्या मजल्यावरून घरमालकीण खाली येऊन दारात उभी राहिली. राहुल गेला. गावातल्याच एकाची गाडी काढून तासाभरात ते वर्ध्याच्या रस्त्याला लागले.

पुढचे दिवस मी फोनवर जगले. पांढऱ्या पेशी जवळपास नाहीत, प्लेटलेट्स खाली, वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. मी ते आकडे नर्स म्हणून ऐकायचे आणि पोरगी म्हणून विसरायचा प्रयत्न करायचे. मला माहीत होतं की अशा आकड्यांची माणसं कुठं जातात. तोंडाच्या आतली कातडी गेल्यामुळे मायला बोलता येत नव्हतं. शिफ्टला जायचे, म्हाताऱ्यांना भरवायचे, आणि ओठांपाशी चमचा धरून मध्येच थांबायचे. तिथली एक आजी मला म्हणाली, तू आजारी आहेस का? मी म्हटलं, नाही.

आणि आता जे लिहिते आहे ते राहुललाही ठाऊक नाही. डॉक्टरांनी कारण ओळखलं होतं: आठवड्याची गोळी रोज घेतली. राहुल मला फोनवर म्हणाला, "चिठ्ठीवर साफ लिहून होतं म्हनते डॉक्टर. आता या अडाणी बाईले काय म्हनाव?" सिंदी मेघेहून काका भेटायला आले, ते खाटेपाशी उभं राहून बोलले, शिक्षण नाई ना, त्याचं हे असं होते. वस्तीत तेच झालं. पोरगी एवढी शिकलेली अन् माय पाहा. करुणा सांगत होती, की माय नुसती कपाळावर हात मारून घेते. माय स्वतःलाच दोष देत होती, आणि मी दोन दिवस गप्प बसले. पूर्ण दोन दिवस. मी स्वतःला सांगितलं की आता हे बोलून काय उपयोग, आधी तिचा जीव वाचू दे. खरं कारण ते नव्हतं. वस्तीतून परदेशी गेलेली पहिली बाई मी. मला तो मान खाली ठेववत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी राहुलला म्हटलं, फोन स्पीकरवर टाक आणि मायच्या जवळ धर. काका तिथंच होते, करुणा होती. मी सांगितलं. मायनं काही चुकवलं नाही. विहारातून आली की गोळी, हे मी शिकवलं होतं, आणि वर्षावास मी विसरले होते. चूक माझी आहे, तिला कुणी अडाणी म्हणायचं नाही.

मग राहुल म्हणाला, "म्हंजे तिले गोया तू चारून राह्यली होती तर." आणि फोन कट झाला. त्याच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

माय वाचली. दोन आठवडे लागले, पण वाचली. केस गेले, वजन गेलं, घरी आली तेव्हा तिला करुणानं उचलून उतरवलं. मी गेले नाही. तिकिटाला पैसे होते, रजाही मिळाली असती. परीक्षेची तारीख त्याच आठवड्यात होती आणि राहुल म्हणाला, येऊन काय करशीन. मी त्याच्या त्या वाक्याचा आधार घेतला. परीक्षेला बसले आणि पास झाले. निकालाचं मी पाच दिवस घरी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा करुणा म्हणाली, चांगलं झालं ताई. तेवढंच.

आता मी इथल्या एका छोट्या हॉस्पिटलात नर्स आहे. औषधांची ट्रॉली माझ्या हातात असते. घरी जाणाऱ्या पेशंटना समजावणं हेही माझंच काम, आणि ते मी इतकं रेंगाळत करते की सोबतच्या नर्सेस चिडतात. पेशंटनं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला तरी माझं समाधान होत नाही. मागे एक म्हातारा शेतकरी होता, त्यालाही तीच आठवड्याची गोळी. म्हणाला, रविवारी चर्चमधून आलो की घेईन, सोपं आहे. मी त्याला विचारलं, वर्षात कधी चर्चमध्ये रोज जायचे दिवस येतात का? तो आधी हसला. मग विचार करून म्हणाला, हो, ईस्टरच्या आधीचा आठवडा. मी त्याच्या डोळ्यांदेखत डबीवर तारखा लिहून दिल्या, पुढच्या बारा रविवारांच्या. माझ्या सुपरवायझरनं त्या दिवशी माझं कौतुक केलं. घरी येऊन मी जेवले नाही.

जे गावी राहिलात त्यांना वाटतं की आम्ही गेलेले लोक गाव विसरतो. माणसं नाही विसरत हो. दाराचा रंग, कुणाच्या घरी कोणती भाजी होते, सगळं आठवतं. तिथला काळ कसा फिरतो ते विसरतो. कधी विहार रोज भरतं, कधी बाया दिवसभर रानात असतात, कधी घरात कुणीच नसतं. आणि विसरल्यावरही आम्ही तिकडं सांगत राहतो. हे करा, ते खा, असं झोपा. तुम्ही ऐकता, कारण आम्ही दूर आहोत आणि शिकलेले आहोत. मला याचं भय वाटतं. फोन उचलताना आजही वाटतं, की आत्ता बोलते आहे यातलं काय तिकडं जाऊन उलटणार आहे, आणि मला ते कधी कळणार.

यंदाची आषाढी पौर्णिमा मी आधीच शोधून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी आठला फोन केला. मायनं लगेच उचलला तेव्हाच मला कळलं. मी म्हटलं, विहारात नाही गेली?

"नाई," माय म्हणाली. "आता घरूनच आयकतो. माईक लावते ना, इथवर येते आवाज."

करुणाकडून नंतर समजलं, की दवाखान्यातून आल्यापासून ती एकदाही गेली नाही. पांढरं पातळ पेटीत आहे. कुणी बोलवायला आलं तर गुडघ्याचं सांगते. डॉक्टरांनी तिची जुनी गोळी बंद करून दुसरी दिली आहे, ती करुणाच्या ताब्यात असते, आणि करुणा देते का, माय गिळते का, की विड्याच्या पानासारखी गालात धरून मागच्या दारी थुंकून टाकते, हे मला इथून कळायला मार्ग नाही. मी विचारते तेव्हा दोघीही हो म्हणतात. कोणत्या उत्तरानं माझं समाधान होतं ते मायला मीच शिकवलं आहे.

मागं एकदा मी न राहवून म्हटलं, माय, सकाळी गरम पाण्यात बोटं बुडवत जाय, दहा मिनिटं, अन् मंग मूठ... ती मध्येच बोलली. रागानं नाही. मला जेवायला वाढताना जसं बोलायची तशाच आवाजात.

"तू मले सांगत नोको जाऊ वं आता, बाई. नुसती बोलत जाय."

तेव्हापासून मी नुसती बोलते. इथं बर्फ किती पडला, शेजारणीच्या कुत्र्याला काय झालं, मी काय रांधलं. ती हसते, विचारते, मध्येच करुणाला हाक मारून सांगते. दिवसभर मी अनोळखी माणसांना औषधं समजावते आणि ती लिहून घेतात. माझं घर म्हणाल तर आता ते एकच, जिथं माझं ऐकत नाहीत. फोनवर चित्र दिसतं, मायचा चेहरा दिसतो, मागची भिंत दिसते. तिची मूठ वळते की नाही, ते मात्र दिसत नाही. हात ती पदराखाली ठेवते.